तराजूला न दिसणारा मेद

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सरस्वतीपुरम, म्हैसूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी व्याख्यानासाठी असा विषय निवडावा, हे आपणांपैकी काहींना रुचले नसेल. कार्यक्रमपत्रिकेत आधी गायन, शेवटी पुरणपोळीचे भोजन आणि या दोहोंच्या मध्ये मी. आणि माझा विषय आहे शरीरातील मेद व त्याचा कर्करोगाशी असलेला संबंध! 'काही हलकेफुलके बोला', असे चिटणीसांनी सुचविलेही होते. परंतु घरापासून इतक्या दूर ज्या मंडळाने पन्नास वर्षे आपल्या सुखदुःखांना आसरा दिला, त्याच्यापुढे मनातील गोष्ट बोलावयाची नाही, तर कोठे बोलावयाची? म्हणून आपली क्षमा मागून मी माझ्याच विषयाकडे वळते.

मी व्यवसायाने विकृतिशास्त्रज्ञ. शस्त्रक्रियेत काढलेला ऊतीचा तुकडा मेणात बसवावयाचा, त्याचे पातळ काप करून रंगवावयाचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोग आहे की नाही हे सांगावयाचे, हे माझे तीस वर्षांचे काम. स्तनाचा तुकडा तपासणीसाठी आला, की त्यात बराचसा भाग मेदाचाच असे. आमची नजर मात्र दुग्धग्रंथींच्या पेशींवर खिळलेली. काचसामान पेटीत भरताना भोवती पेंढा घालतात ना, तितकीच मेदाची किंमत आम्हांला वाटे. त्यात कोठे कोठे मरू घातलेल्या मेदपेशीभोवती भक्षक पेशींनी धरलेले कडे दिसे. 'जुना कचरा साफ होत आहे', असे मनाशी म्हणून आम्ही काचपट्टी पुढे सरकवीत असू. गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी नेमके त्या पेंढ्याकडे आणि त्या कड्यांकडे वळून पाहिले. त्यांना तेथे काय आढळले, आणि आपल्या घरातील स्त्रियांशी त्याचा काय संबंध, एवढेच आज सांगावयाचे आहे.

मेदाविषयी आपले पूर्वज उदासीन नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'अष्टौनिन्दितीय' नावाचा अध्याय आहे. त्यात आठ प्रकारच्या निंद्य शरीरांची गणना करून अतिस्थूल आणि अतिकृश या दोहोंचा विस्ताराने विचार केला आहे. स्थूल एका टोकाला आणि कृश दुसऱ्या टोकाला, ही मांडणी इतकी स्वाभाविक वाटते, की एकच देह एकाच वेळी कृशही असू शकेल आणि स्थूलही, ही शंका सहसा मनात येत नाही. ही शंका आपण जवळ ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

फार काळपर्यंत मेद हे केवळ कोठार मानले जाई. सुबत्तेच्या दिवसांत भरावयाचे, टंचाईच्या दिवसांत उपसावयाचे. १९९४ साली मेदपेशी 'लेप्टिन' नावाचे संप्रेरक निर्माण करून मेंदूला भुकेविषयी संदेश पाठवितात, असा शोध लागला आणि कोठाराला वाचा आहे हे कळले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९३ साली, लठ्ठ उंदरांच्या मेदातून दाह उत्पन्न करणारे एक द्रव्य मोठ्या प्रमाणात पाझरते, असे आढळले होते. दाह म्हणजे काय, हे आपण जाणता. बोटात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. संरक्षक पेशी धावून येतात, काम संपले की परततात. हा दाह उपकारक. मेदातील दाह मात्र निराळा. तो ठणकत नाही, ताप आणीत नाही आणि संपतही नाही. कुंभाराच्या आव्याप्रमाणे तो आतल्या आत धुमसत राहतो.

तो का पेटतो? खाणे गरजेहून अधिक होत राहिले, की मेदपेशी फुगू लागतात. फुगता फुगता त्यांना प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडू लागतो आणि काही पेशी मरतात. त्यांचा निचरा करण्यासाठी भक्षक पेशी जमतात. २००३ साली संशोधकांच्या दोन तुकड्यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की लठ्ठ प्राण्यांच्या मेदात या भक्षक पेशींची गर्दी झालेली असते आणि दाहकारक द्रव्यांचा मोठा वाटा त्यांचाच असतो. मृत मेदपेशीभोवती त्यांनी धरलेल्या कड्याला मुकुटाची उपमा मिळाली. मी ज्यांच्याकडे तीस वर्षे पाहून न पाहिल्यासारखे केले, तीच ही कडी!

आता स्त्रीसंप्रेरकाकडे वळू. १८९६ साली ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी एक नवलाची हकीकत प्रसिद्ध केली. स्तनाचा कर्करोग हाताबाहेर गेलेल्या एका तरुण स्त्रीचे बीजांडकोश त्यांनी काढून टाकले, आणि स्तनावरील गाठी काही काळ विरघळल्यागत झाल्या. इस्ट्रोजेन हे नावही तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. पुढे समजले, की बीजांडकोशातून स्रवणारे हे संप्रेरक स्तनातील पेशींना वाढीची आज्ञा देते आणि बऱ्याचशा स्तनकर्करोगांच्या पेशी ही आज्ञा पाळतात.

या विषयाच्या इतिहासात एका मराठी स्त्रीचे नाव आदराने घ्यावयास हवे. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांच्या स्तनकर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचे नाते काय, याचा पाठपुरावा केला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. कर्करोग हा एका कारणाने होत नाही, अनेक सूत्रे एकत्र वळली म्हणजे तो दोर तयार होतो, ही दृष्टी त्यांच्या कार्यातून आपणांस मिळते. माझे आजचे बोलणे त्यांपैकी एकाच सूत्राविषयी आहे, हे कृपया ध्यानात असू द्यावे.

येथे एक कोडे उभे राहते. पन्नाशीच्या सुमारास पाळी थांबते, बीजांडकोश इस्ट्रोजेन निर्माण करण्याचे काम सोडून देतात. मग ऋतुनिवृत्तीनंतर या संप्रेरकावर पोसला जाणारा कर्करोग कमी व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात स्तनाच्या कर्करोगाचा धोका वयाबरोबर वाढतच जातो. मग हे इस्ट्रोजेन येते कोठून?

ते येते मेदातून. मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अखेरपर्यंत काही पुरुषी जातीची संप्रेरके तयार करीत असतात. मेदाच्या ऊतीत, फुगलेल्या मेदपेशींच्या सोबतीला ज्या आधारपेशी असतात, त्यांच्यापाशी 'अ‍ॅरोमॅटेज' नावाचे एक विकर असते. ते या पुरुषी संप्रेरकांचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेनचा मुख्य उगम हाच. कोठार म्हणून आपण ज्याला ओळखत होतो, तो निघाला कारखाना! मेद जितका अधिक, तितके कारखान्याचे उत्पादन अधिक.

आणि धुमसणारा दाह या कारखान्याच्या भट्टीत इंधन घालतो. दाहाच्या जागी निर्माण होणारी काही द्रव्ये, विशेषतः प्रोस्टाग्लँडिन ई-२, आधारपेशींना अ‍ॅरोमॅटेज अधिक बनविण्यास उद्युक्त करतात, असे प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर दिसून आले आहे. स्तनाच्या मेदात हे घडले, म्हणजे दुग्धग्रंथींच्या अगदी शेजारघरी इस्ट्रोजेन तयार होऊ लागते. याच्या जोडीला पोटाभोवती मेद साठलेल्या व्यक्तीच्या रक्तात इन्सुलिनची पातळी चढी राहते. इन्सुलिन स्वतः पेशींना वाढावयास सांगते. शिवाय रक्तातील इस्ट्रोजेनला बांधून ठेवणारे जे प्रथिन यकृतात तयार होते, त्याचे उत्पादन ते कमी करते. परिणामी मोकळे इस्ट्रोजेन आणखी वाढते.

हा केवळ तर्क आहे काय? नाही. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांची माहिती एकत्र करून २००३ साली असे दाखविण्यात आले, की ऋतुनिवृत्तीनंतर लठ्ठपणामुळे स्तनकर्करोगाचा जो धोका वाढतो, त्याचा बहुतांश उलगडा रक्तातील वाढलेल्या इस्ट्रोजेनने होतो. आज ऋतुनिवृत्त रुग्णांना अ‍ॅनास्ट्रोझोल वा लेट्रोझोल या गोळ्या देतात, त्या हेच विकर रोखतात. म्हणजे मेदातील कारखान्याला टाळे ठोकतात. फ्रान्समध्ये लियाँ येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली सर्व पुरावा तपासून निष्कर्ष काढला, की शरीरातील अतिरिक्त मेद तेरा प्रकारच्या कर्करोगांशी निगडित आहे. सर्वांत बळकट नाते आढळले ते गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. पाळीच्या वयात हे अस्तर दरमहा वाढते आणि गळून पडते. ऋतुनिवृत्तीनंतर त्याने शांत राहावयाचे, तर मेदातून आलेले इस्ट्रोजेन त्याला 'वाढ, वाढ' म्हणत राहते आणि 'पुरे' म्हणणारे दुसरे संप्रेरक, प्रोजेस्टेरोन, आता उरलेले नसते.

एवढे ऐकून आपणांपैकी अनेक जणी मनात म्हणत असतील, 'आमचे वजन कोठे एवढे आहे?' येथेच चरकाच्या त्या दोन टोकांपाशी परत यावयाचे.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंची आणि वजन यांच्या प्रमाणावरून काढतात तो निर्देशांक दोघांचाही नेमका सारखा, २२.३. तराजूच्या दृष्टीने दोघे जुळे भाऊच! परंतु देहातील मेद मोजला, तेव्हा लंडनकरांच्या शरीरात तो ९.१ टक्के निघाला आणि पुणेकरांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय बारीक, स्नायू कमी, आणि मेद पोटाच्या पोकळीत दडलेला, अशी आपल्याकडील बहुतांची शरीररचना. कृश आणि स्थूल एकाच देहात नांदतात, ते असे.

हे वैशिष्ट्य आपण जन्मतःच घेऊन येतो. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवती स्त्रियांचा व त्यांच्या अपत्यांचा अभ्यास १९९३ पासून केला. तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो. स्नायू, पोटातील इंद्रिये, उंची, सर्वच बाबतींत आपली बाळे लहान. परंतु पाठीवरच्या कातडीखालील मेद त्या मानाने जवळजवळ पूर्ण. आणि आपल्या या म्हैसूर शहराचा वाटाही लहान नाही. येथील होल्ड्सवर्थ स्मारक रुग्णालयाने, ज्याला आपण मिशन हॉस्पिटल म्हणतो, १९३४ पासून जन्मनोंदी जपून ठेवल्या. त्या आधारे साउदम्प्टनच्या संशोधकांसमवेत येथे अभ्यास झाले. पुढे १९९७-९८ मध्ये गर्भवती स्त्रियांची नोंदणी करून त्यांच्या मुलांचा मागोवा सुरू झाला, आणि धडाभोवतीचा मेद म्हैसूरच्या मुलांतही जन्मापासूनच दिसतो असे आढळले. हे काम झाले मधुमेहाच्या संदर्भात. कर्करोगाच्या दृष्टीने त्याचे मोल नंतर ध्यानात येऊ लागले.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी २०१६ साली स्तनकर्करोगाच्या दीड हजारांहून अधिक रुग्ण स्त्रिया आणि जवळजवळ तितक्याच निरोगी स्त्रिया यांची तुलना प्रसिद्ध केली. कमरेचा घेर नितंबांच्या मानाने मोठा असणाऱ्या स्त्रियांत रोगाचा धोका अधिक आढळला, आणि तो ऋतुनिवृत्तीच्या आधी व नंतर, दोन्ही वयांत. हे महत्त्वाचे आहे. कारण पाश्चात्त्य स्त्रियांत पाळी चालू असलेल्या वयात नुसत्या वजनाचा या रोगाशी तसा संबंध दिसत नाही. २०१८ साली अमेरिकेतील साडेतीन हजारांच्या जवळपास ऋतुनिवृत्त स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या सर्व जणींचा वजन-उंचीचा निर्देशांक निर्दोष होता. तरीही ज्यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण सर्वाधिक होते, त्यांना स्तनकर्करोगाचा धोका सर्वांत कमी मेद असणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट होता. तराजूने त्यांना उत्तीर्ण केले होते; मेदाने नाही.

आता एक घरची गोष्ट सांगते. आज हा विषय मी का घेतला, ते तिच्यावरून कळेल.

माझ्या थोरल्या वहिनी साताऱ्याकडच्या. देह काडीसारखा, मनगटे इतकी बारीक की बांगड्या भरताना कासारीण कौतुक करी. 'वहिनींना देवाने साच्यातून काढले आहे', असे आम्ही म्हणत असू. पन्नाशीनंतर पोट थोडे सुटले, मधुमेह जडला; परंतु नऊवारीच्या निऱ्यांखाली पोट कोण पाहतो? एका दसऱ्याला त्या माझ्याकडे म्हैसूरला आल्या. जंबू सवारी पाहून आलो, रात्री दिवा मालवला, आणि अंधारात त्या हळूच म्हणाल्या, "वन्सं, एक विचारू का? माझं पुन्हा सुरू झालंय." किती दिवस झाले, विचारले. आठ महिने. मधल्या काळात नातवाची मुंज झाली, घरात गौरी बसल्या. या वयात असे काही बोलावयाची लाज, त्यातून सोवळ्याओवळ्याची भीती. कोणास कळले तर सणाच्या स्वयंपाकाला हात लावता येणार नाही, म्हणून त्या गप्प राहिल्या. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होता. वेळीच कळला तर बहुधा नुसत्या शस्त्रक्रियेने बरा होणारा. वहिनींचा तोवर गर्भाशयाबाहेर पसरला होता. दोन वर्षांनी त्या गेल्या.

त्या आठ महिन्यांत मी दोनदा माहेरी गेले होते. जन्मभर परक्यांच्या काचपट्ट्या तपासणारी मी, आणि वहिनींना साधे 'प्रकृती कशी आहे?' यापलीकडे काही विचारले नाही. त्या सडपातळ होत्या ना! मलाही तराजूनेच फसविले.

म्हणून, मंडळी, चार गोष्टी मागते. पहिली, घरातील शिवणाची फीत काढा आणि कमरेचा घेर मोजा. आपल्याकडील स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही सावधगिरीची रेषा. ती ओलांडली म्हणजे रोग झाला असे नव्हे. कारखाना जोरात चालू असल्याची ती खूण. दुसरी, हा कारखाना मंदावता येतो. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे ४३९ ऋतुनिवृत्त स्त्रियांवर वर्षभर प्रयोग झाला. मोजका आहार आणि नियमित व्यायाम या दोहोंचा अवलंब करणाऱ्या स्त्रियांचे वजन सुमारे एक दशांशाने घटले, तर रक्तातील इस्ट्राडिओल सुमारे एक पंचमांशाने उतरले. दाहाची खूण दाखविणारे प्रथिनही कमी झाले. आपल्याला तर कुक्करहळ्ळीचे तळे घराशेजारी आहे. त्याच्या काठाने रोज भरभर चालावे. मात्र फेरी संपल्यावर उपाहारगृहात मसाला डोसा आणि वर म्हैसूर पाक हा जो आपला परिपाठ आहे, त्याला आठवड्यातून एखादाच वार नेमून द्यावा!

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. असा डाग दिसलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणींना कर्करोग नसतो, म्हणून घाबरू नये. परंतु ऋतुनिवृत्तीनंतर ज्यांना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होतो, त्यांच्यापैकी दहांत सुमारे नऊ जणींना हीच सूचना आधी मिळालेली असते, म्हणून लपवू नये. स्तनातील गाठीचेही तेच. २०२२ साली आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला, असा अंदाज आहे. आणि आपल्याकडे तो पाश्चात्त्य स्त्रियांच्या तुलनेत दहाएक वर्षे आधी गाठतो.

चौथी गोष्ट पुरुषवर्गासाठी आणि सुनालेकींसाठी. ज्या स्त्रीला हा रोग झाला, तिला 'तू खाण्यावर ताबा ठेवला नाहीस', असे कधीही म्हणू नये. वय, आनुवंशिकता, अपत्यांचा काळ आणि संख्या, कितीतरी सूत्रे यात गुंतलेली आहेत. बारीक, निर्व्यसनी, रोज चालणाऱ्या स्त्रियांनाही तो होतो. मेदाचे ज्ञान सावध होण्यासाठी आहे, कोणास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी नाही. आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांना विचारीत जावे. लाज त्यांना वाटते. निदान विचारणाऱ्याने ती बाळगू नये.

माहेर, सासर दोन्ही दूर ठेवून आपण येथे आलो. मनातले बोलावयास आई, बहीण, जाऊ जवळ नव्हत्या, म्हणून तर आपण हे मंडळ उभे केले. हळदीकुंकवाला आपण जमतो, वाण देतो, उखाणे घेतो. यंदाच्या संक्रांतीला वाण म्हणून प्रत्येकीस शिवणाची एक फीत द्यावी, आणि ती हातात ठेवताना शेजारणीला हळूच विचारावे, "बाई, सर्व ठीक आहे ना? काही सांगावयाचे राहिले नाही ना?" मी वहिनींना जे विचारले नाही, ते आपण एकमेकींना विचारावे, एवढीच या सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी प्रार्थना.

 आता भोजनास चलावे. पुरणपोळी अवश्य घ्यावी. दुसरी मागताना मात्र माझी आठवण ठेवावी.